वॉर्सा घेट्टोचा इतिहास जेत्यांनी लिहिलेला नाही

‘इतिहास जेतेच लिहितात, ज्यूंच्या संहाराची हकीकतसुद्धा १९४५ नंतर जेत्यांनीच, वाचलेल्यांच्या भावनाविवश आठवणींवरून रचली,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. इमानुएल रिंगेलब्लुम या ज्यू इतिहासकाराचे काम ज्याला ठाऊक आहे, त्याला यातले एकही विधान मान्य होणार नाही.

आधी काळाचा मुद्दा घेऊ. पोलंडची राजधानी वॉर्सा इथला घेट्टो, म्हणजे नाझी जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी केलेली वस्ती, नोव्हेंबर १९४० मध्ये बंदिस्त झाला आणि त्याच महिन्यात तिथेच राहणाऱ्या रिंगेलब्लुम यांनी ‘ओनेग शाबेस’ (शब्बाथचा आनंद) या नावाने कागदपत्रांचे गुप्त दप्तर उभारायला घेतले. रोजनिश्या, शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, भिंतींवर डकवलेली फर्माने, एवढेच काय, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनेही त्यांनी जमवली. ऑगस्ट १९४२ मध्ये, माणसांना त्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे नेणाऱ्या गाड्या सुटत असताना, यातला पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या शाळेत पुरण्यात आला. दुसरा फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन कॅनमध्ये गेला. पेट्या १९४६ मध्ये आणि कॅन १९५० मध्ये सापडले खरे, पण कागद युद्ध संपण्यापूर्वीच जमिनीखाली होते. ते जमवणाऱ्या सुमारे साठ जणांपैकी तिघेच वाचले. खुद्द रिंगेलब्लुम मार्च १९४४ मध्ये पत्नी आणि मुलासह मारले गेले. या माणसांना जेते म्हणणे मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

भावनाविवशतेचा आरोपही टिकत नाही. मध्ययुगीन वॉर्सातील ज्यूंवर १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या या माणसाने सहकाऱ्यांना प्रश्नावल्या करून दिल्या आणि एकाच घटनेच्या अनेकांकडून नोंदी करवून घेतल्या. आपल्याच लोकांना अडचणीचे ठरेल ते लपवले नाही: घेट्टोत जर्मनांच्या हुकमाखाली काम करणाऱ्या ज्यू पोलिसांचे क्रौर्य, लाचखोरी, उपाशी गरिबांशेजारी चैन करणारे श्रीमंत, हे सारे त्या दप्तरात आहे. केवळ सहानुभूती मिळवायची असती, तर हे कागद सर्वांत आधी जाळले गेले असते.

शिवाय ही माहिती १९४५ पर्यंत दडलेलीही नव्हती. हेल्मनोच्या संहारछावणीतून निसटलेल्या एका माणसाची जबानी याच गटाने १९४२ च्या आरंभी लिहून घेतली आणि पोलिश भूमिगतांमार्फत अशी माहिती लंडनला पोहोचवली. त्याच वर्षी जूनमध्ये बीबीसीने पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी दिली, तेव्हा आपले कष्ट वाया गेले नाहीत, असे समाधान रिंगेलब्लुम यांनी स्वतःच्या टिपणांत नोंदवून ठेवले आहे.