ई-बुकातल्या अक्षरांवर हुकूम कुणाचा?

काल रात्री दिवा मालवला, ई-बुक उघडलं, नाइट मोड लावला आणि पानावर फक्त प्रकरणाचं नाव उरलं. खालचा सगळा मजकूर गायब! आधी वाटलं फाइल बिघडली. मग बोट दाबून ओढल्यावर शब्द 'सिलेक्ट' व्हायला लागले. म्हणजे मजकूर होता, काळ्यावर काळा होता. पुस्तक तयार करताना कुणीतरी अक्षरांचा रंग काळा असा ठोकून दिलेला. पार्श्वभूमी माझ्या हातात, अक्षरं त्यांच्या.

बहुतेक ई-बुकं ज्या प्रकारच्या फाइलमध्ये येतात त्या ईपबमध्ये काही जादू नसते. ती एक झिप फाइल. आत एक्सएचटीएमएलची, म्हणजे वेबपानांच्या भाषेत लिहिलेली पानं आणि ती कशी दिसावीत हे सांगणारी सीएसएस फाइल, थोडक्यात घडी घालून ठेवलेली वेबसाइटच. आणि या सीएसएसच्या जन्मातच वाचकाचा वाटा होता. हॉकून वियुम ली यांनी १९९४ साली तिचा पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हा पान कसं दिसावं यात लेखकाचं किती चालावं आणि वाचकाचं किती, हे चक्क टक्क्यांत सांगायची सोय त्यात होती. १९९६च्या पहिल्या आवृत्तीत दोघांनीही 'इम्पॉर्टंट' असा शिक्का मारला तर लेखक जिंकायचा. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम मुद्दाम उलटा केला: शेवटचा शब्द वाचकाचा. इतक्या वर्षांपूर्वी मिटलेलं भांडण ई-बुकवाले अजून का उकरून काढतात, कळत नाही.

देवनागरीत तर हे जास्तच टोचतं. ओळींमधलं अंतर पॉइंटमध्ये कायमचं बांधून टाकलं की मी अक्षर मोठं केल्यावर ओळी जागच्या हलत नाहीत. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात, रफार कुणाचा ते ओळखत बसायचं. हेच अंतर अक्षराच्या पटीत दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. दुसरा छळ म्हणजे दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात, ते ओळीच्या शेवटी तोडायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. अक्षर मोठं केलं की एका ओळीत तीन शब्द आणि मध्ये ही भगदाडं. डावी कड सरळ, उजवी मोकळी एवढं एक बटण द्यायला काय जातं?

पुस्तकाची मांडणी करणारा एक मित्र यावर चिडतो. म्हणतो, "आम्ही महिना घालवून पान बसवतो आणि तुम्ही एका झटक्यात विस्कटता." त्याचं थोडं पटतं. कवितेची ओळ कुठे तुटते हा कवितेचाच भाग आहे, तो ॲपने गिळू नये. कादंबरीतलं पत्र तिरप्या अक्षरात असेल तर ते तिरपंच राहावं. चित्रांच्या पुस्तकाला पक्कं पान लागतं, मान्य. पण समासाची रुंदी, फॉन्ट, कागदाचा रंग? यात कुठला अर्थ दडलाय? चाळिशी लागलेल्या डोळ्यांना, डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला, उजेडाने डोकं चढणाऱ्याला प्रत्येकी वेगळं पान लागतं. छापील पुस्तकात ते शक्यच नव्हतं. इथे शक्य आहे आणि तरी कुलूप! (कुलूपच लावायचं तर पीडीएफ १९९३पासून आहेच की.)

उपाय आहेत. कॅलिबर या ई-बुकं सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल रूपांतरित करताना फॉन्ट, रंग, समास गाळून टाकता येतात. केओरीडर या वाचायच्या ॲपमध्ये पुस्तकाची स्टाइल बाजूला सारून आपली लावता येते. पण वाचायला बसलेल्या माणसाने आधी मेकॅनिक का व्हावं? आणि फाइलवर डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप असेल तर तेही बंद.

कालच्या पुस्तकावर होतंच. शेवटी पांढरं पान, ब्राइटनेस अगदी तळाला आणि डोळे बारीक करून दोन वाजेपर्यंत वाचलं. पुस्तक चांगलं निघालं, हा वर वैताग.