पाच जूनचा फ्लेक्स

दरवर्षी मे संपता संपता माझ्या दुकानात पर्यावरण दिनाची एक ठरलेली ऑर्डर येते. हिरवी पार्श्वभूमी, ओंजळीत रोप, वर नेतेमंडळी, खाली मंडळाची पोरं आणि मधे ठळक अक्षरात 'भव्य वृक्षारोपण, 5 जून'. ती फाइल मी कितीतरी वर्षं जपून ठेवलीय. साल बदलायचं, कुणाचा फोटो मोठा करायचा, कुणाचा उडवायचा, झालं काम. कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तेव्हा झाडांवर बोलायचा मला कितपत अधिकार आहे ते तुम्हीच ठरवा. पण आज बोलतो.

पंचगंगेच्या काठावर एक छोटी बाग आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे जे भांडण सांगणार आहे ते कुण्या एका साहेबाशी नाही, आणि नाव टाकलं की खाली कमेंटमध्ये साहेबांचीच धुणी धुतली जातात. ही बाग आम्ही सात-आठ जण सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर रविवारी सकाळी साडेसहाला जातो, गाजरगवत उपटतो, रोपांना पाणी घालतो, कचरा उचलतो आणि एका वहीत लिहून ठेवतो. पगार नाही, मंडळाची नोंदणी नाही, टी-शर्टसुद्धा नाहीत. (टी-शर्टचा विषय दोनदा निघाला. रंगावरून एकमत झालं नाही.)

सुरुवात 2019 च्या महापुरानंतर झाली. तो ऑगस्ट कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि पाणी गेलं 55 च्या पुढं. महामार्ग बंद, पेट्रोल नाही, आणि या दुधाच्या गावात दुधाला रांगा. दुकान बंदच होतं, हाताला काम नव्हतं. पाणी उतरल्यावर नुसतं बघायला म्हणून बागेत गेलो.

घोट्याच्या वर गाळ. बाक जागेवर नाहीत. झाडांच्या फांद्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, वाळत चाललेल्या जटा लोंबत होत्या, आणि त्या सगळ्या एका रेषेत, कुणी दोरी धरून बांधल्यासारख्या. पाणी कुठवर आलं होतं ते झाडंच दाखवत होती. मान वर करून बघावं लागत होतं. आणि एका करंजाच्या बुंध्याला, चिखलानं माखलेला, दुमडलेला एक फ्लेक्स गुंडाळला होता. बोटानं चिखल पुसला. हिरवी पार्श्वभूमी, ओंजळ, रोप. माझाच. जूनमध्ये त्या कार्यक्रमात लावलेल्या रोपांपैकी एकही दिसत नव्हतं. फ्लेक्स तेवढा टिकला होता.

तिथं एक जुने माळी होते, आता निवृत्त झालेत. चिखलात काठी टेकून उभे होते. मी म्हटलं, "मामा, सगळी रोपं गेली की." ते म्हणाले, "जाणारच की. नदीच्या अंगाला जूनात झाड लावत्यात व्हय? जुलैत नदी येऊन बघून जाणार, कोण आलंय नवीन."

या एका वाक्यात जेवढं शहाणपण होतं तेवढं मी छापलेल्या सगळ्या फ्लेक्सात मिळून नसेल. माळावर, डोंगरावर जूनमध्ये लावणं ठीक. पावसाचं पाणी आयतं मिळतं. पण पूररेषेच्या आत हाच हिशेब उलटा फिरतो. वीतभर रोप महिन्या-दीड महिन्यात पाण्याखाली जातं, मुळं धरायच्या आधीच त्याच्यावर गाळ बसतो आणि ते गुदमरतं. इथं पाणी उतरल्यावर लावायचं, दसऱ्याच्या आसपास. जमीन ओली असते, गाळ म्हणजे फुकटचं खत. मात्र मग पुढचे आठ महिने पाणी आपण घालायचं. आणि घोडं अडतं ते इथंच, कारण फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी बादली घेऊन जाणाऱ्याचा फ्लेक्स कुणी छापत नाही.

आम्हीसुद्धा आधी चुकलोच. पहिल्या वर्षी हौसेनं गुलमोहर आणले. दिसतो छान, पण लाकूड ठिसूळ, आणि पुराचा लोंढा काय चीज आहे त्याला ठाऊक नाही. मामांनी मग करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन लावायला सांगितले, आणि अगदी पाण्याच्या कडेला वाळुंज. वाळुंज दिसायला काही खास नाही. पूर आला की वाकतो, पूर गेला की उठतो. 2021 च्या जुलैत पाणी 2019 पेक्षाही वर गेलं. पूररेषेचं गणित सांगतं, निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आम्ही दोन वर्षांत दोन महापूर बघितले, तेव्हा गणितावर फार बोलत नाही. पण त्या वेळी आमची वाळुंजं वाचली. बाकीच्यातली निम्मी गेली. दसऱ्याला परत लावली.

आता वहीचं सांगतो, कारण या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. दोनशे पानी, साधी. आमच्यातल्या एक काकू, शिक्षिका होत्या, त्यांनी सुरू केली. पाणी कुठल्या पायरीला लागलं, कुठलं झाड कधी लावलं, कधी गेलं, कशानं गेलं. मशीननं गवत कापताना किती रोपांची साल निघाली. नळ किती दिवस बंद होता. नदीकडच्या मातीच्या कडेला खंड्या पक्ष्याची किती बिळं दिसतात. आणि पिंपळाखाली किती देव आले.

हो, देव. घर बदललं, रंग काढला, आजी गेली की देवघरातल्या जुन्या तसबिरी लोक नदीकाठच्या पिंपळाखाली आणून ठेवतात. टाकवत नाही आणि ठेववतही नाही, मग पिंपळ सांभाळेल. पाऊस लागतो, काच फुटते, वाऱ्यानं तसबीर पडते, पोरांच्या पायात काच जाते. पहिल्यांदा मी गोणीत भरायला लागलो तर काकूंनी हात धरला. खाली पोतं अंथरलं, बसल्या. एकेक तसबीर पालथी घेतली, मागचे खिळे पक्कडनं काढले, पुठ्ठा काढला, काच अलगद वेगळी ठेवली, चौकट वेगळी. शेवटी हातात राहिला देवाचा कागद. लक्ष्मी, दत्त, ज्योतिबा. ते कागद घरी नेऊन बादलीत भिजवले, लगदा केला आणि कुंडीतल्या मातीत मिसळला. म्हणाल्या, "विसर्जनच की हे." तेव्हापासून तसबिरी त्यांच्याकडे. एकदा नवरात्राच्या आधी, घरोघरी साफसफाई चालू असताना, एका रविवारी एकतीस आल्या. वहीत आकडा आहे.

लोक विचारतात, तुम्ही हे फुकट का करता? कर भरतो ना आपण? तुम्ही फुकट राबलात की ज्यांचं काम आहे ते आणखी हात वर करतात. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. आमचाही पहिली दोन वर्षं हाच घोळ होता. आम्ही गुपचूप झाडत बसलो आणि नळ सहा महिने बंदच राहिला, कारण आम्ही घरून कॅन आणत होतो. मग ठरवलं, कॅन आणायचे, पण प्रत्येक कॅनमागं एक अर्ज द्यायचा. महापालिकेच्या आवक विभागात जायचं, शिक्का घ्यायचा, पोच वहीत चिकटवायची. चौथ्या अर्जाला नळ आला.

आणि मग सुशोभीकरण आलं.

सुशोभीकरण हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. ऐकीव बातमी अशी होती की बागेत नदीच्या कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक, काँक्रीटची भिंत, रात्रभर दिवे आणि एक सेल्फी पॉइंट. (सेल्फी पॉइंटच्या अक्षरांचं कोटेशन माझ्याकडेच आलं असतं. कबूल करतो, एक मिनिट विचार आला.) आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अंदाजपत्रक मिळालं. ब्लॉक होते, दिवे होते, भिंत होती. देखभाल म्हणून एक ओळ नव्हती. पूर येऊन गेल्यावर गाळ कोण काढणार, त्याचा उल्लेख नव्हता.

भेटीची वेळ मिळाली तेव्हा साहेब वैतागलेले होते. म्हणाले, "विकासाला विरोध करणारे तुम्ही एकटेच." काकूंनी काही न बोलता वही उघडून समोर ठेवली. या पायरीला कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला पाणी लागलं. या कडेला खंड्याची इतकी बिळं, तो मातीच्या उभ्या कडेतच बीळ करतो, काँक्रीटमध्ये करू शकत नाही. मागच्या वेळी बुंध्याशी ब्लॉक आवळले ती तीन झाडं, त्यांच्या वाळण्याच्या तारखा. साहेब पानं उलटत राहिले. पाचेक मिनिटांनी विचारलं, "हे तुम्ही दर रविवारी लिहिता?" आवाज बदलला होता.

सगळं जिंकलो असं नाही. कडेची भिंत रद्द झाली. पायवाट वरच्या अंगाला गेली, ब्लॉकऐवजी मुरमाची. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवायची हे लेखी मिळालं. दिवे मात्र आलेच, तेही झाडांच्या अंगावर रोखलेले, आणि त्यातले निम्मे पुढच्या पुरानंतर बंद पडले. सेल्फी पॉइंट दुसरीकडे गेला. तिथंही गर्दी असते म्हणे.

म्हणून मला वाटतं, झाडणारे वेगळे आणि भांडणारे वेगळे ही विभागणीच चुकीची आहे. आपलं गाव भांडण्यात कुणाला हार जात नाही. 2015 संपता संपता शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला तो याच गावानं. मोर्चाला हाक दिली की तालमी-मंडळं रात्रीत जमतात. पण नदीच्या बाबतीत नुसत्या मोर्चाला वजन येत नाही, कारण समोरचा विचारतो, तुम्हाला तिथलं काय माहीत? आणि माहीत व्हायला तिथं गुडघे टेकून बसावं लागतं. नुसतं झाडणाऱ्याचंही तसंच. तो झाडत राहतो आणि एक दिवस जेसीबी येतो.

आणि हेही सांगतो, बागेनं नदी स्वच्छ होणार नाही. आमच्या बागेच्या पायऱ्यांवर बसलं की काही दिवस वास येतो तो आमच्या झाडूनं जाणारा नाही. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं, दुधाळी नाल्याचं पाणी उपसून प्रक्रिया केंद्रात न्यायचं. कसबा बावड्याचं केंद्र दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटरचं आहे. पण उपसा थांबला की तेच पाणी नदीत. ते खाली जातं, तिथंही माणसं राहतात. घाण पाण्यानं पसरलेली 2012 ची इचलकरंजीची कावीळ आपण फार लवकर विसरलो. उन्हाळ्यात याच नदीवरच्या, खालच्या अंगाच्या तेरवाड बंधाऱ्यावर माशांचा खच पडल्याचे फोटो येतात, आपण रडक्या चेहऱ्याची खूण टाकतो आणि पुढं सरकतो. बागेचा उपयोग एवढाच की माणूस नदीशी येऊन बसतो. बसला तर त्याला वास येतो. वास आला तर कधीतरी विचारतो.

मागच्या आठवड्यात ती ऑर्डर परत आली. मंडळाचे अध्यक्ष, पोरगा चांगला आहे, पुरात होडीतून माणसं काढलेला. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि मामांचं वाक्य ऐकवलं. म्हटलं, नदीकाठी लावायची असतील तर दसऱ्याला लावा, आणि मंडळातली दहा पोरं मला मेपर्यंत रविवारी द्या. फ्लेक्स मी फुकट छापतो, पण तो पुढच्या मेमध्ये, जेवढी रोपं जगतील तेवढा आकडा घालून.

तो बराच वेळ मोबाइल फिरवत बसला. मग म्हणाला, "पटलं काका. दसऱ्याला लावू."

मी खूश.

दारापर्यंत गेला आणि वळला. "पण 5 जूनला एक शुभेच्छांचा मारूया की. नुसत्या शुभेच्छा. रोप नको त्यात."

छापला. बारा बाय आठ.