बेसमुळे मिनिएचर हरवते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ओढ्याकाठची धनुर्धारिणी, म्हणजे टेबलावरच्या खेळासाठीची मी रंगवलेली छोटी मूर्ती (मिनिएचर) आणि ती उभी आहे तो देखावा (बेस), यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि परखड लिहिलंत, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं असं: नजर मिनिएचरऐवजी बेसवर जाते, एवढ्या देखाव्यावर चिकटवल्यावर ती खेळातून बाद झाली, आणि वाळू नि गवताच्या दोन पुंजक्यांत भागणाऱ्या कामाला मी तीन आठवडे घातले.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. तुमचं वाचल्यावर मी फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहिला. नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या लाल अळंब्यांवर जाते, चेहऱ्यावर नंतर. काल त्या उपटून टाकल्या. आता लाल रंग फक्त तिच्या गळपट्ट्यावर आहे. पण दोष अळंब्यांच्या रंगाचा होता, बेसच्या आकाराचा नव्हे. दगड, माती, पडलेलं खोड हे सगळं मी मुद्दाम मातकट ठेवलं आहे. दगडांचा शेवटचा ड्रायब्रशही (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर दिलेला फिका रंग) तिच्या चेहऱ्यावरच्या उजेडापेक्षा एक पायरी खाली थांबवला आहे.

नुसत्या वाळूबद्दल मात्र मला वाद घालायचा आहे. तिचा उजवा पाय बघा. मिनिएचरचे तळवे साच्यातून सपाट येतात. खडबडीत दगडावर तसेच ठेवले तर फक्त टाच टेकते, बोटांखालून उजेड दिसतो आणि ती हवेत तरंगल्यासारखी वाटते. म्हणून दगडावर दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर दिला, तळव्याला पाणी लावून पाय त्यात दाबला, अलगद उचलला आणि पुट्टी रात्रभर कडक होऊ दिली. नंतर पायात ०.८ मिमीची पितळी तार बसवून तिला त्याच ठशात उभं केलं. टाचेच्या बाजूला चिखल जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आला आहे. तिचं वजन दिसतं ते तिथे.

शिवाय वाळू बारीक दिसली तरी या मापात बारीक नसते. २८ मिमीच्या मिनिएचरचं प्रमाण ढोबळमानाने १:५६ धरलं, तर १ मिमीचा कण म्हणजे साडेपाच सेंटिमीटरचा दगड. बेसभर तशीच वाळू पसरली की धनुर्धारिणी मातीवर नाही, खडीच्या ढिगावर उभी राहते. ४ मिमीचं गवत तिच्या हिशेबात बावीस सेंटिमीटर उंच होतं, ओढ्याकाठी ते शोभतं.

आता खेळाचं. ती बाद झालेली नाही, आणि हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, ती चूक माझी. तिचा ३२ मिमीचा खेळाचा बेस, म्हणजे खेळताना ती जिच्यावर उभी असते ती गोल चकती, देखाव्यापासून वेगळाच आहे. देखाव्यात त्याच्या मापाची खाच कोरली आहे, आणि खाचेत व बेसखाली ५ मिमीचे निओडिमियम चुंबक आहेत. ती पायाखालच्या दगडासकट उचलली जाते. (चुंबक चिकटवण्याआधी कुठली बाजू कुठे येते त्यावर खूण करा, उलटा बसला तर बेस खाचेत टिकतच नाही.) ओढा खाचेच्या कडेपासून लांब ठेवला तोही यासाठीच. ओढ्याचं पाणी म्हणून ओतलेलं रेझिन फटीत उतरलं असतं तर बेस कायमचा अडकला असता.

तीन आठवड्यांतला बराच काळ वाळण्याचा होता. पाण्याचं रेझिन दोन पातळ थरांत ओतलं, मध्ये पूर्ण दिवस जाऊ दिला. जाड थर एकदम ओतला तर तो घट्ट होताना तापतो. देखाव्याच्या फोमवर आधी पीव्हीए (पांढरा) गोंद आणि काळा रंग मिसळून दोन हात दिले. मागच्या एका देखाव्यात ते टाळलं होतं, तेव्हा स्प्रे प्राइमरने (रंगाआधी फवारायच्या अस्तराने) दगडांच्या कडा विरघळून सगळा डोंगरकडा मेणासारखा गुळगुळीत झाला होता. तो अख्खा टाकून द्यावा लागला, आणि ते मला फार लागलं होतं.

तुमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मीच सांगतो: खाचेची गोल रेघ मागच्या बाजूने अजून दिसते. पुढे गवताच्या पुंजक्यांनी झाकली, पण मागे झुडूप लावलं तर तिचा भाता लपतो. सुकलेल्या पानांचा चुरा बेसच्या कडेवर थोडा बाहेर आलेला चिकटवून बघणार आहे. तुम्ही अशी फट कशी झाकता, ते नक्की लिहा.