‘एसीत बसून लिहिलेलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑस्ट्रेलियातल्या लेमूरॉइड रिंगटेल पोसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “आमच्या नागपुरात 45 अंशांत वानरं मजेत जगतात आणि हा प्राणी 30 अंशांत मरतो? एसीत बसून लिहिलेलं दिसतंय.”

तुमचं एक म्हणणं आधीच मान्य करतो. मी त्याला ‘लेमूरचा (मादागास्करच्या माकडासारख्या प्राण्याचा) भाऊबंद’ म्हटलं होतं, ते चुकलं. तोंडावळ्यामुळे ते नाव पडलं. प्राणी पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्याच गणातला. वाक्य दुरुस्त केलं आहे.

पण ‘एसीत बसून’? ऑस्ट्रेलियात केर्न्स शहरात मी चार वर्षं नोकरीला होतो. शुक्रवारी कामावरून सुटलो की गाडी काढून अ‍ॅथर्टनच्या पठारावर, माउंट हिपिपामीच्या जंगलात जायचो. जुलैत तिथे स्वेटर घालूनही हुडहुडी भरते. टॉर्चला लाल कागद लावून, मान वर करून तासन् तास उभा राहिलोय, पायाला जळवा लागल्यात. पहिल्यांदा अंधारात दोन डोळे चमकले आणि तो तपकिरी गोळा हातपाय पसरून पलीकडच्या फांदीवर झेपावला, तो पानांचा आवाज अजून कानात आहे. हे तुम्हाला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. शंका जरूर विचारा, पण समोरचा थापा मारतोय असं धरूनच विचारायचं, ही कुठली रीत?

वानरांचं म्हणाल, तर ती सावली गाठतात, पाणवठ्यावर उतरतात. हा पोसम जमिनीवर सहसा येतच नाही, पाणी बहुतेक पानांतूनच मिळवतो, आणि ईशान्य क्वीन्सलंडच्या डोंगरमाथ्यांवरचा गारवाच त्याच्या अंगवळणी पडलेला. पारा 30 च्या वर चार-पाच तास राहिला तर त्याच्या जिवावर बेततं. 2005 च्या उष्णतेच्या लाटेनंतर तिथल्याच कार्बाइन पठारावरचे याच जातीचे पांढरे पोसम काही वर्षं दिसलेच नाहीत. थंडाव्यासाठी आणखी वर जावं, तर डोंगर तिथे संपतो.

2009 मध्ये ते पुन्हा सापडले, म्हणजे सगळं आलबेल, हा तुमचा निष्कर्ष तुमच्याजवळच ठेवा. मोजकेच दिसले होते. लेख लांबला, या तक्रारीवर काही बोलत नाही. आणि फोटो का नाहीत म्हणून विचारलंत : रात्रीच्या त्या डोळ्यांवर मी कधी फ्लॅश मारला नाही, मारणारही नाही.