आमचाच डेटा आणि आम्हालाच बाहेर काढता येईना

डोकं फिरलंय नुसतं. आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साईट एका क्लाउड होस्टिंगवरून उचलून दुसरीकडे न्यायचीये, बास, एवढंच काम. पहिल्या वर्षी स्वस्तात गळ्यात मारलं, रिन्यूअलला दर कुठच्या कुठे नेऊन ठेवला, म्हणून निघतोय. यायला एक क्लिक पुरलं होतं, आता निघताना जिथे जाऊ तिथे कुलूप!

सगळ्यात जास्त संताप त्या बॅकअपचा आहे. रोजच्या बॅकअपचे वेगळे पैसे घेतात हे लोक. आणि बघायला गेलं तर सगळे स्नॅपशॉट, म्हणजे साईटची त्या-त्या वेळची जशीच्या तशी प्रत, रिस्टोअर करायचे तर यांच्याच सर्व्हरवर करा, डाउनलोडचं बटणच नाही. अरे मग मी पैसे कशाचे भरत होते? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा काही लोकांची साईटही गेली आणि बॅकअपही गेला, कारण दोन्ही एकाच जागी ठेवलेलं. इतकं होऊनही यांचं तेच.

सपोर्टला विचारलं तर म्हणे वरचा प्लॅन घ्या, त्यात एसएसएच मिळेल, म्हणजे सर्व्हरवर थेट शिरून कमांड देता येतील. म्हणजे सोडून जाण्यासाठी आधी अजून पैसे भरा! शेवटी एसएफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरून फाइली उतरवायच्या साध्या सोयीने, एकेक फाईल ओढत बसले, अपलोड्सच्या फोल्डरमध्ये राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, इतक्या वर्षांचे फोटो, आणि आमची साईट ज्यावर चालते ते वर्डप्रेस एकेका फोटोच्या चार-पाच साईझ करून ठेवतं त्यामुळे बारक्या फाइलींचा नुसता ढीग, मधेच कनेक्शन तुटतं, त्यात गुरुवार, लाईट गेली, आता कुठली फाईल अर्धी आली आणि कुठली पूर्ण आली ते शोधत बसा.

मग डेटाबेस, साईटवरचा सगळा मजकूर ज्यात असतो तो. पीएचपीमायअ‍ॅडमिन नावाच्या डेटाबेस हाताळायच्या टूलमधून एक्सपोर्ट केला, नवीन ठिकाणी चढवला, साईट उघडली आणि सगळं मराठी गायब. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि पुढे कसलीतरी चिन्हं. आमच्या ग्रुपमधले एक काका गेली कित्येक वर्षं प्रत्येक ट्रेकचं वर्णन स्वतः टाइप करून टाकतात, वाट कुठे चुकते, पाण्याचं टाकं कुठे आहे, सगळं. त्यांचा फोन, "अगं, माझं सगळं लिहिलेलं गेलं का गं?" काय सांगणार त्यांना? त्यांचा आवाज ऐकून मलाच रडायला यायला लागलं.

कारण काय, तर यांच्या एका क्लिकच्या इन्स्टॉलरने डेटाबेसची टेबलं लॅटिन-१ मध्ये बनवलेली, म्हणजे इंग्रजीसारख्या युरोपीय लिप्यांपुरत्या जुन्या एन्कोडिंगमध्ये. सगळ्या लिप्या मावणारं एन्कोडिंग म्हणजे यूटीएफ-८, त्यात देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून एक्सपोर्टमध्ये परत एकदा कन्व्हर्ट झाले आणि वाट लागली. डम्प, म्हणजे डेटाबेसची एक्सपोर्ट फाईल, लॅटिन-१ म्हणूनच काढायचा आणि चढवताना यूटीएफ-८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) सांगायचं, मग मजकूर जसाच्या तसा येतो, आलाही. पण हे सपोर्टवाल्याला माहीतच नाही! इंग्रजी साईटला काही होत नाही ना, मग मराठीवाले मेले तरी चालतील.

गुगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केलं, की कायमचं सोडून जाणाऱ्याकडून डेटा बाहेर नेण्याचे पैसे घेणार नाही. युरोपात तर कायदाच झालाय, १२ जानेवारी २०२७ पासून असे पैसे घेताच येणार नाहीत. आपल्याकडे कोण बोलणार? इथे मला बँडविड्थच्या नावाखाली जादा बिल लावलंय, माझेच फोटो मी उतरवले म्हणून.

साईटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारा नेमसर्व्हर बदलताना एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचा त्या नोंदी, हाताने परत टाकावे लागतात, नाहीतर मेल बंद, आणि ऐन पावसाळी ट्रेकच्या बुकिंगच्या दिवसांत ते परवडणारं नाही. तेही केलं. आता अकाउंट बंद करायला गेले तर ऑटो-रिन्यूअल बंद होईना, कार्ड काढायला गेले तर म्हणतात आधी दुसरं कार्ड जोडा. नाही जोडणार! उद्या सकाळी बँकेत जाऊन यांचं मँडेटच रद्द करून टाकते.