अजून पहिलं स्किट संपलं नव्हतं

२६ जुलै २०२५च्या शनिवारी रात्री नऊ वाजता आमच्या घरातले सगळे टीव्हीपुढे बसले होते. असं बऱ्याच महिन्यांनी झालं. अप्पांनी जेवण लवकर उरकलं होतं. आई मटकी निवडायचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. झी मराठीवरचा विनोदी कार्यक्रम 'चला हवा येऊ द्या' परत येतोय, हे घरात महिनाभर आधीपासून ठाऊक होतं. शीर्षकगीत वाजलं, नवा सूत्रसंचालक अभिजित खांडकेकर स्टेजवर आला, पहिलं स्किट सुरू झालं. तेवढ्यात माझ्या भाच्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "आत्या, हे वाच. लोक म्हणतायत बंद करा."

अजून पहिलं स्किट संपलं नव्हतं हो! तोवर शेकड्यानं प्रतिक्रिया पडल्या होत्या. साबळे नाहीत तर बघायचं काय, जुनी मजा गेली ती गेलीच, नाव तेवढं ठेवलंय बाकी सगळं बदललंय, हसूच येत नाही. भाचा एकेक वाचून दाखवायला लागला आणि खोलीतला रंगच उतरला. शेवटी अप्पा म्हणाले, "अरे, बघू तरी दे आधी."

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. चार आठवडे होत आले, तेव्हा हे लिहायला बसले.

कार्यक्रमाचे जुने सूत्रसंचालक निलेश साबळे यांची आठवण येणं अगदी रास्त आहे. ऑगस्ट २०१४ ते मार्च २०२४, जवळजवळ दहा वर्षं तो माणूस आठवड्याला आपल्याला विचारत होता, 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' माझी आई टीव्हीकडे बघून उत्तर द्यायची, "हसतोय की रे बाबा." इतकी सवय झालेला आवाज एकदम बदलला की घरातल्या माणसाची जागा रिकामी दिसावी तसं होतं. भाऊ कदम, सागर कारंडे या जुन्या विनोदवीरांबद्दलही तेच. ही हळहळ प्रेमातून आलेली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही.

पण २०१४ आठवतंय का? आमच्या घरात तरी पहिले काही भाग कुणी मनावर घेतले नव्हते. सिनेमावाले येणार, आपल्या पिक्चरची जाहिरात करणार, मधे थोडे विनोद होणार, त्यात काय बघायचं, असं अप्पांचं स्पष्ट मत होतं. कार्यक्रमातलं ते काल्पनिक गाव, थुकरटवाडी, आपल्या ओळखीचं व्हायला वेळ लागला. पुढे खाकी कपड्यातले पोस्टमन काका आले, सागर कारंडे अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं वाचायला लागले आणि विनोदाच्या कार्यक्रमात अप्पांनी पंचानं डोळे पुसले. ते पहिल्याच भागात झालं नसतं. आधी त्या माणसांबरोबर भरपूर हसून झालं होतं, म्हणून त्या पत्रांना आपण रडलो.

मी सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत वीस वर्षं काम करतेय. राज्य नाट्य स्पर्धेला आम्ही एकदा विनोदी नाटक केलं होतं. भावे नाट्यमंदिर, केंद्रावरची प्राथमिक फेरी. एका नव्या मुलाच्या तोंडी नाटकातलं सगळ्यात हुकमी वाक्य होतं. तालमीत त्या वाक्याला आम्ही स्वतः लोळायचो. हशा पडणार म्हणून त्याला पुढे थांबायला सांगितलं होतं, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग पुढचं वाक्य घ्यायचं. प्रयोगात तो वाक्य बोलला, थांबला, आणि प्रेक्षागृहात चिडीचूप. ते तीन आकडे मी विंगेत उभी राहून मोजले आहेत. तितकी मोठी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. त्याचा घसा कोरडा पडलेला मला विंगेतून दिसत होता. पुढचं वाक्य त्यानं गिळलं, त्यापुढचं घाईत टाकलं आणि सबंध प्रवेश सांडला.

तेच नाटक पुढे एका गावच्या जत्रेत केलं. तिथं त्या वाक्याच्या आधीच, तो नुसता दारात येऊन चप्पल शोधतो तिथं हशा आला. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की ती हशाची जागा आहे. पुढच्या प्रयोगापासून तो चप्पल जरा जास्त वेळ शोधायला लागला. सातव्या-आठव्या प्रयोगाला नाटक बसलं. संहितेतला एक शब्दही बदलला नव्हता. तो मुलगा बदलला होता, कारण लोकांनी त्याला शिकवलं होतं.

विनोद हा असाच बसतो. रडवायला एक चांगला प्रसंग पुरतो, हसवायला ओळख लागते. हा माणूस चिडका आहे, हा कंजूष आहे, ही बाई कुणाचं ऐकून घेत नाही, हे आपल्याला आधी कळावं लागतं. मग त्यानं नुसती मान वळवली तरी हसू फुटतं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतल्या आबांना आपण ओळखायला लागल्यावर त्यांच्या नुसत्या चष्म्यावरून बघण्याला हसायचो. पहिल्याच दिवशी ती ओळख कुठून आणायची?

नाटकवाल्यांना निदान पुढचा प्रयोग तरी मिळतो. टीव्हीचं गणित फार कठोर आहे. एक भाग आपण बघतो तेव्हा पुढचे काही भाग आधीच शूट होऊन पडलेले असतात. म्हणजे पहिल्या शनिवारी आपण जे बोलतो त्याचा उपयोग झालाच, तर तो कित्येक भागांनंतर पडद्यावर दिसणार. तोवर दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणता कार्यक्रम किती बघितला गेला हे मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. ते आकडे देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात. आपल्या प्रतिक्रियांचा त्यात एक थेंबही नसतो. मात्र त्या वाचून शेजारच्या घरात कुणी टीव्ही लावलाच नाही, तर तो परिणाम मात्र खरा असतो. आमच्या घरात तो मी त्याच रात्री बघितला. सगळे हसायच्या तयारीनं बसले होते आणि एका मोबाईलमुळे सगळे परीक्षक होऊन बसले.

'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका आज ज्याला त्याला तोंडपाठ आहे. १ नोव्हेंबर २००४ला ती स्टार वनवर सुरू झाली तेव्हा प्रेक्षक फारसे मिळाले नाहीत, २००६ मध्ये संपलीसुद्धा. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते नंतर, पुन्हा पुन्हा दाखवल्यावर आणि इंटरनेटवर. इतकं की २०१७ मध्ये पुढचा सीझन काढावा लागला. अमेरिकेतल्या 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचा पहिला भाग जुलै १९८९चा. तो आधी काही प्रेक्षकांना दाखवून बघितला तेव्हा शेरा पडला होता, कमकुवत. चार मुख्य पात्रांतली एलेन त्या भागात नव्हतीच, क्रेमर या पात्राचं नावसुद्धा वेगळं होतं. तरी वाहिनीनं आणखी चार भाग करायला दिले. पुढे ती मालिका नऊ सीझन चालली.

आपल्याकडे काय झालं? नोव्हेंबर २०२२ मध्ये 'फू बाई फू' हे जुनं विनोदी पर्व परत आलं, ते काही आठवड्यांतच आटोपलं. एप्रिल २०२४ मध्ये साबळे आणि भाऊ कदम यांनीच कलर्स मराठीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' आणलं, तेही काही महिन्यांत बंद झालं. म्हणजे आज ज्यांच्यासाठी आपण हळहळतोय, ते समोर होते तेव्हाही आपण टिकून बसलो नाही. हे मला फार लागतं. या दोन्ही कार्यक्रमांत उणिवा होत्या, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना बसायला वेळच मिळाला नाही.

टीका करूच नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः करते. पुरुषाला साडी नेसवली की विनोद झाला, हे आता थांबायला हवं, आणि हे मी पहिल्या भागालाही म्हणेन. जाड माणसाच्या जाडीवर, काळ्या माणसाच्या रंगावर केलेले विनोद मला शंभराव्या भागातही चालणार नाहीत. मागून भरलेला हशा कमी करा, हेही मनापासून सांगावंसं वाटतं, कारण त्या हशामुळे नटाला थांबायला जागाच उरत नाही. अशी एखादी नेमकी गोष्ट लिहिली तर लेखकाला, नटाला ती हातात धरून काहीतरी करता येतं. 'बंद करा' एवढंच लिहिल्यावर त्यानं काय करायचं?

'चला हवा येऊ द्या'च्या या नव्या पर्वासाठी तर महाराष्ट्रभर ऑडिशन घेऊन नवी मुलं निवडली. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, प्रियदर्शन जाधव आणि गौरव मोरे यांच्या टोळ्यांत ती विभागली. यातला गौरव मोरे बघा. पवईच्या फिल्टरपाड्यातला मुलगा. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमात आपण त्याला वर्षानुवर्षं बघितलं, त्याची चाल, त्याचा आवाज, त्याचे केस सगळं आपल्या ओळखीचं झालं, तेव्हा कुठे फिल्टरपाड्याचं नाव महाराष्ट्राला कळलं. या पर्वात तो नव्या पोरांचा म्होरक्या म्हणून उभा राहिला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलांना आपण एक रात्रसुद्धा द्यायला तयार नाही?

ही मुलं एकांकिकांतून, गणपतीच्या स्टेजवरून, गावच्या कार्यक्रमांतून येतात. टीव्हीवर दिसणार म्हणून गावात पोरांनी फलक लावलेले असतात, सगळी भावकी नऊच्या ठोक्याला बसलेली असते. आणि त्यांच्या घरातही माझ्या भाच्यासारखं एक पोर असतंच, हातात मोबाईल घेऊन वाचून दाखवणारं. आपण कुणाच्या दातांवर, कुणाच्या बोलीवर लिहिलेलं त्या आईला ऐकावं लागतं. आमच्या त्या नाटकातल्या मुलावर त्या रात्री कुणी काही बोललं नव्हतं, नुसतं हसले नव्हते. तेवढ्यानं तो दोन आठवडे तालमीला आला नाही. मी घरी जाऊन त्याला आणला होता. या मुलांना घरी जाऊन कोण आणणार आहे?

मी सगळे भाग बघतेय. काही स्किट मला आवडली नाहीत, एक-दोन फारच लांबली असं वाटलं. काहींना मोकळेपणानं हसले.

अप्पांना नव्या मुलांची नावं अजून येत नाहीत. परवा शनिवारी आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. टीव्हीवर त्यांच्या आवडीचा एक पोरगा आला, अजून तोंड उघडलं नव्हतं त्यानं, नुसता येऊन उभा राहिला होता. अप्पा आधीच हसायला लागले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं ए, ये लवकर, तो आपला उंच आलाय!"