एस्केपने गिळलेला म्हातारा

दोन तास! अख्खे दोन तास फोटोशॉपमध्ये एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचं मेण करत बसलो होतो. नाक ओघळून हनुवटीपर्यंत आलेलं, कपाळावरच्या आठ्यांचा भोवरा झालेला, आणि डोळे मात्र फ्रीझ मास्क लावून जिथल्या तिथे. सगळा वेडेपणा त्या दोन शांत डोळ्यांवरच तोललेला होता. कानापाशी एक फटकारा चुकला, तो टाकून द्यायला सवयीने एस्केप दाबलं आणि लिक्विफायची, म्हणजे फोटो ताणून वितळवायच्या फिल्टरची, खिडकीच बंद! म्हातारा परत जसाच्या तसा, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा माझ्याकडे बघतोय.

'नक्की बंद करू?' एवढं विचारायला काय जातं? एक रेघ मारलेली फाइल बंद करायला गेलं की हेच सॉफ्टवेअर 'सेव्ह करू का' म्हणून आडवं पडतं. इथे मात्र मुकाट्याने सगळं गिळलं. ऑटोसेव्ह म्हणाल, तर लिक्विफायमध्ये केलेलं काहीच ओके दाबेपर्यंत फाइलमध्ये येत नाही. मग तो वाचवणार काय, कप्पाळ? कंट्रोल-झेड दाबून पाहिलं. रद्द केलेला फिल्टर हिस्टरीत असतोच कुठे!

आता कोणीतरी शहाणपणा शिकवेलच, 'स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा ना.' म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो आणि फिल्टर नंतरही बदलता येतो. अरे बाबा, तोही ओके दाबल्यावरच कामाचा! हां, 'सेव्ह मेश' बटण आहे, ताणलेली जाळी वेगळी साठवता येते, माहितीये मला. पण हात रंगात आलेला असताना ते आठवतं कुणाला?

वैतागून डिस्प्लेस फिल्टरकडे वळलो, तर तो ठार आंधळा. हा दुसऱ्या एका करड्या चित्राच्या, म्हणजे नकाशाच्या, हुकुमाने फोटो सरकवतो. तो नकाशाही पीएसडीच, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइलच पाहिजे. त्यात १२८ चा, म्हणजे बरोबर मधला करडा म्हणजे जागचं हलू नका, त्याहून गडद-फिकट तसं इकडे-तिकडे सरका. प्रीव्ह्यू नाही. आकडा टाका, ओके, बघा, शिव्या द्या, अनडू. पुन्हा आकडा.

छायाचित्रकार आंद्रे केर्तेसने १९३३ साली वाकड्या आरशांत माणसं अशीच वितळवली होती. त्याच्या निगेटिव्हला एस्केपचं बटण नव्हतं, नशीबवान माणूस.

आता परत बसलोय. नाक ओघळतंय, पण तसं नाही. पहिल्यात डावी नाकपुडी चुकून जराशी फाटली होती, आणि तीच काय झकास दिसत होती! मुद्दाम फाडली की नुसती फाटलेली दिसते. एस्केपचं बटण मात्र स्क्रूड्रायव्हरने उपटून खणात टाकलंय.